प्रार्थना गटाच्या नोंदी : जून ते ऑक्टोबर 2025

2 जून, सोमवार

आमच्या चर्चचा कारभार बघणाऱ्या पास्टोरेट कमिटीने मेअखेरच्या बैठकीत बुधवारच्या प्रार्थना गटाचं काम नव्याने लावायचं ठरवलं. नोंदी ठेवायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी शाळेत मराठी शिकवते आणि माझं अक्षर सगळ्यांना वाचता येतं.

आधी आहे ते जसंच्या तसं लिहून ठेवते. बुधवारी संध्याकाळी साडेसातला कुणाच्या तरी घरी जमायचं, दोन गीतं, एखादी साक्ष, मग विनंत्या. कुणाचा गुडघा, कुणाची बदली, कुणाच्या मुलीचं स्थळ, कुणाचं बोअर आटलेलं. प्रत्येक विनंतीसाठी एकाने प्रार्थना करायची. प्रार्थना लांबत जाते आणि घरी स्वयंपाक थांबलेला असतो, त्यामुळे शेवटच्या दोनतीन विनंत्या एका वाक्यात उरकतात. गेल्या महिन्यात ज्याच्यासाठी मागितलं त्याचं पुढे काय झालं, हे कुणी विचारत नाही. आभार मानले जातात ते पेपर पास झाल्यावर किंवा नातू झाल्यावर. पापांगीकार रविवारच्या उपासनेत असतो, बुधवारी नसतो. देवाचं ऐकण्यासाठी एक मिनिटही ठेवलेलं नाही.

मागणं वाईट आहे असं कुणाचंच म्हणणं नाही. प्रभूनेच मागायला शिकवलं. पण त्याने शिकवलेल्या प्रार्थनेत भाकरीच्या आधी पित्याचं नाव, त्याचं राज्य आणि त्याची इच्छा येते. आमच्याकडे पहिल्या श्वासातच भाकर येते आणि ती संपली की आमेन.

ठरलेलं असं. एक : सगळ्यांनी घरी सकाळ-संध्याकाळ पवित्र शास्त्रातली स्तोत्रं वाचायची, तक्त्याप्रमाणे. दोन : बुधवारी विनंत्यांच्या आधी स्तोत्र आणि पाच मिनिटं शांतता. तीन : विनंत्यांची वही, त्यात तीन रकाने : काय मागितलं, पुढे काय झालं, आपण काय केलं. तिसरा रकाना पाळकसाहेबांनी सुचवला. सुरुवात पेंटेकॉस्टच्या, म्हणजे पवित्र आत्मा उतरल्याच्या सणाच्या रविवारी.

8 जून, पेंटेकॉस्ट

उपासनेनंतर तक्ते वाटले. हा तक्ता 1549 सालच्या अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या प्रार्थनापुस्तकापासून चालत आलेला आहे. दीडशे स्तोत्रं तीस दिवसांत बसवली आहेत, रोज सकाळचा एक भाग आणि संध्याकाळचा एक. महिना एकतीस दिवसांचा असला तर शेवटच्या दिवशी तिसावा दिवस पुन्हा वाचायचा. एकशे एकोणिसावं स्तोत्र 176 वचनांचं, म्हणून ते चोविसाव्याच्या संध्याकाळपासून सव्विसाव्याच्या संध्याकाळपर्यंत पुरतं.

आज आठवा दिवस, म्हणजे तक्त्याच्या मधूनच सुरुवात. एका भावाने विचारलं की एक तारखेपासूनच का नको. थांबलो असतो तर जुलै उजाडला असता.

12 जून, गुरुवार

दुपारी अहमदाबादच्या विमान अपघाताची बातमी आली. ग्रुपवर सगळ्यांनी हात जोडलेली चित्रं टाकली. संध्याकाळच्या तक्त्यात पासष्टावं स्तोत्र. ते आनंदाचं आहे : देव जमिनीची काळजी घेतो, तिला पाणी पाजतो, सऱ्या भिजवतो, ढेकळं विरघळवतो. त्या बातमीनंतर हे तोंडातून निघेना. मी घरात मोठ्याने वाचलं आणि मग त्या कुटुंबांसाठी प्रार्थना केली.

तक्त्याचं हेच मला पटत चाललंय. तो माझ्या मनाकडे बघून चालत नाही. मी आनंदात असते तेव्हा दुसऱ्याचं रडणं माझ्या तोंडात येतं. आज उलटं झालं : अहमदाबादला आकांत असताना आमच्याकडचे शेतकरी ज्या पावसाची वाट बघताहेत, त्या पावसाची स्तुती तोंडात आली. मे महिन्यात अवेळी कोसळला आणि आता उघडीप. कृषी खातं सांगतंय की 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, पण तिफण दारात उभी असताना धीर धरायचा म्हणजे सोपं नाही. गटातल्या दोघांनी धूळपेरणी करून टाकलीय.

25 जून, बुधवार

आज वाद झाला आणि तो नीट लिहून ठेवायला हवा.

आमच्या मंडळीत दोन घराण्यांची माणसं आहेत. काहींचे पूर्वज जालन्याच्या स्कॉटिश मिशनचे. नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात जालन्याजवळ बेथेल गाव वसवलं, तिथली ही मुळं. काहींचे पूर्वज तेव्हाच्या औरंगाबादच्या छावणीकडचे, चर्च मिशनरी सोसायटीच्या अँग्लिकन वळणाचे. 1970 साली चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं आणि कागदावर सगळे एक झालो. प्रार्थनेच्या सवयी मात्र घराघरांत जुन्याच राहिल्या. एका बाजूला मनातून येईल तशी प्रार्थना, दुसऱ्या बाजूला पुस्तकातली.

जालन्याकडचे काका, गटात वयाने सगळ्यांत मोठे, म्हणाले, “बाई, वाचून दाखवायची ती प्रार्थना कशाची? लेकरू बापाशी बोलताना कागद बघतं व्हय?” आणि त्यांनी मत्तयाचा सहावा अध्याय काढला : विदेशी लोकांसारखी व्यर्थ बडबड करू नका.

छावणीकडच्या मावशी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “माझा थोरला गेला तेव्हा मला एक शब्द फुटत नव्हता, काका. तुम्ही सगळे येऊन छान छान प्रार्थना करून गेलात. रात्री मी एकटी असताना पुस्तकातलंच वाचत होते. ते नसतं तर मी वर्षभर देवाशी बोललेच नसते.”

यावर काका काही बोलले नाहीत. पाळकसाहेबांनी तोच अध्याय पुढे वाचला. बडबडीविषयी इशारा देऊन प्रभू थांबत नाही, दोनच वचनांनी तो शिष्यांना ठरीव शब्द देतो : ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’. आणि वधस्तंभावर, जिथे माणूस स्वतःचं सगळ्यांत खरं बोलेल, तिथे त्याच्या तोंडी आलं ते बाविसावं स्तोत्र, ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास’. शेवटच्या श्वासाला एकतिसावं, ‘मी आपला आत्मा तुझ्या हाती सोपवतो’. लहानपणी पाठ केलेले शब्द मरताना त्याचे स्वतःचे झाले होते. ज्या स्कॉटलंडातून काकांच्या आज्याकडे सुवार्ता आली, तिथल्या मंडळ्याही पिढ्यान्‌पिढ्या उपासनेत मुख्यतः स्तोत्रंच गात. म्हणजे स्तोत्रं ही दोन्ही घराण्यांची आहेत.

माझं मत मी इथे लिहिते. मनातून येणारी प्रार्थना आमच्याकडे खरंच मनातून येते का, हे गेल्या बुधवारी मी कान देऊन ऐकलं. ‘दयाळू प्रेमळ कनवाळू पित्या’पासून ‘येशूच्या मौल्यवान रक्ताने’पर्यंत प्रत्येकाची वाक्यं तीच, क्रमसुद्धा तोच. तीही ठरीवच आहे, फक्त छापलेली नाही. वाद छापील आणि उत्स्फूर्त यांच्यात नाहीच. शब्दांमागे माणूस हजर आहे का, एवढं बघायचंय.

ठरलं : आधी स्तोत्र, नंतर ज्याला जसं बोलायचं तसं, पण थोडक्यात आणि स्वतःच्या बोलीत. घरी जी भाषा बोलतो तीच देवापुढे.

6 जुलै, रविवार

आषाढी एकादशी. शेजारची दोन्ही घरं बंद, सगळे पंढरपूरला. पैठणहून नाथांची पालखी गेली, तिच्याबरोबर आमच्या आळीतलीही माणसं गेली. ही माणसं अठरा-वीस दिवस नाव घेत चालतात. आम्हाला पाच मिनिटं शांत बसवत नाही, हे मी आज महिला मंडळात बोलले. नारायण वामन टिळक म्हणत की आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. 1895 साली बाप्तिस्मा घेतल्यावरही त्यांनी अभंग आणि ओवी सोडली नाही, म्हणून आज आमच्या चर्चमध्ये टाळ आहेत.

कामाचा मुद्दा असा की गटातल्या तीन आज्यांना वाचता येत नाही. तक्ता त्यांच्यासाठी निरुपयोगी. आज त्यातल्या एकीने तेविसावं स्तोत्र ओवीच्या चालीत म्हणून दाखवलं, तिच्या सासूकडून आलेलं, जात्यावरचं. गंगाखेडच्या जनाबाईंनी दळताकांडता विठ्ठलाला हाक मारली, तोच हा सूर. बाकीच्या दोघींनी लगेच धरला. रोजचा पूर्ण भाग त्यांनी करू नये. आठवड्याला एक छोटं स्तोत्र ऐकून पाठ करावं आणि भाकरी थापताना, निंदताना म्हणत राहावं. रेकॉर्डिंग करून नातवंडांच्या फोनवर पाठवायचं काम माझं.

23 जुलै, बुधवार

शांततेची पाच मिनिटं. पहिल्या महिन्यात ही सगळ्यांत अवघड गेली. कुणी खोकतं, कुणी ‘हालेलुया’ म्हणतं, कुणाचा फोन वाजतो. आता फोन बाहेरच्या खाटेवर ठेवायचे. नुसतं गप्प बसा म्हटलं की मन शेतात जातं, म्हणून वाचलेल्या स्तोत्रातलं एकच वचन धरायचं, श्वासागणिक मनात म्हणायचं. मन गेलं तर चिडायचं नाही, वचनाकडे परत यायचं. आता बसतात.

तरुण पोरांना हे कंटाळवाणं वाटतं आणि त्यांनी ते सरळ सांगितलं. त्यांच्यासाठी दिवसाअखेरची झडती ठेवली, जेझुइट संघ स्थापणाऱ्या संत इग्नेशियसच्या शिकवणीतली : रात्री अंथरुणावर दिवस मागे फिरवून बघायचा, कशाबद्दल आभार, कुठे चुकलो, कुठे देव जवळ होता, उद्या काय हवं. दहा मिनिटांत होतं. दोघे करताहेत.

17 ऑगस्ट, रविवार

सतरावा दिवस, सकाळचा भाग 86 ते 88. पाळकसाहेब बाहेरगावी होते, उपासना वडीलमंडळींनी चालवली. स्तोत्रवाचन गटाकडे होतं. अठ्ठ्याऐंशीवं वाचावं की वगळावं यावर वेदीजवळ कुजबुज झाली. हे स्तोत्र असं आहे की ज्याच्या शेवटी उजेड येत नाही. बाकीची रडणारी स्तोत्रं बहुतेक शेवटाकडे वळतात, ‘तरी मी तुझ्यावर भरवसा ठेवीन’ म्हणतात. हे अंधारातच संपतं. आम्ही वगळलं नाही.

वाचायला ज्या ताई उभ्या राहिल्या त्यांच्या भावाने दोन वर्षांपूर्वी जीव दिला. कर्ज होतं, सोयाबीन गेलं होतं, मराठवाड्यात अशी घरं प्रत्येक गावात आहेत. तेव्हापासून ताई बुधवारी येत, पण त्यांनी कधी तोंडाने प्रार्थना केली नव्हती. आम्ही त्यांच्याभोवती बसून ‘प्रभूची इच्छा’, ‘प्रभू सामर्थ्य देईल’ म्हणत राहिलो होतो. आज त्यांनी अठ्ठ्याऐंशीवं शेवटपर्यंत वाचलं आणि जागेवर बसल्या. कुणी गीत सुरू केलं नाही.

उपासनेनंतर त्या मला म्हणाल्या, “बाई, हे पवित्र शास्त्रात हाय? मंग देवाला असं बोललेलं चालतं?”

चालतं. दीडशेपैकी सुमारे एक तृतीयांश स्तोत्रं तक्रारीची, विलापाची आहेत. तेरावं स्तोत्र दोन वचनांत चार वेळा विचारतं, हे कुठवर चालायचं. देवाने ही बोलणी खोडली नाहीत, आपल्या लोकांच्या प्रार्थनापुस्तकात ठेवली. आम्हाला मात्र वाटत आलं की देवापुढे हसऱ्या तोंडाने जायचं, विश्वास म्हणजे तक्रार नसणं. या भागात, जिथे दर दोनचार वर्षांनी दुष्काळ नाहीतर अतिवृष्टी, जिथे माणसं कुणाला न सांगता शेताच्या बांधावर जाऊन संपतात, तिथे रडायची भाषा चर्चने काढून घेतली तर माणसाने ती कुठे आणायची? प्रार्थना कमी पडते म्हणून आम्ही बसलो होतो. आज मला वाटतं, ती खरेपणात कमी पडत होती.

पुढच्या बुधवारपासून दुःखात असलेल्या माणसासाठी प्रार्थना करताना कुणी लगेच समाधानाचं वाक्य जोडायचं नाही, असं सगळ्यांनी मान्य केलं. आधी त्याच्याबरोबर विलाप. ज्याला शब्द सुचत नाहीत त्याच्यासाठी रोमकरांच्या पत्राचा आठवा अध्याय आहेच : अनिर्वाच्य कण्हण्याने आत्मा स्वतः आपल्यासाठी विनंती करतो.

3 सप्टेंबर, बुधवार

वहीचा आढावा. दुसरा रकाना कमी भरलाय : काही बरे झाले, एकाची बदली झाली, बरंच अजून तसंच. तिसरा रकाना बोलका आहे. जूनमध्ये तो जवळजवळ कोरा. जुलैपासून तिथे लिहिलं जाऊ लागलं, कारण रकाना रिकामा दिसला की लाज वाटते. एका बहिणीच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी प्रार्थना होती, तिच्याबरोबर घाटीत, म्हणजे संभाजीनगरच्या सरकारी दवाखान्यात, जायला कुणी नव्हतं. गटातली दोघं तिच्याबरोबर गेली, रांगेत उभी राहिली, रात्र काढली. दोन भावांचं बांधावरून भांडण होतं, काका दोघांकडे जाऊन बसले. याकोबाने लिहिलंय की उघड्या, उपाशी भावाला ‘ऊब घ्या, पोटभर जेवा’ म्हणून वाटेला लावलं तर काय उपयोग.

काकांनी स्वतःहून एक गोष्ट केलीय, तीही नोंदते. ते आता छापील पापांगीकार मोठ्याने वाचतात आणि मग त्याखाली स्वतःचं काहीतरी जोडतात. आज म्हणाले, “मी सुनेला सकाळी टाकून बोललो, बापा.” सून खोलीतच होती.

22 सप्टेंबर, सोमवार

घटस्थापना. शनिवारपासून पाऊस थांबत नाही. वीज नाही, शाळेला सुटी. ओढ्यापलीकडच्या तीन घरांशी संपर्क नाही. सकाळचं स्तोत्र 107, मेणबत्तीवर वाचलं. त्यात चार तऱ्हेचे संकटातले लोक येतात : वाट चुकलेले, कैदेतले, आजारी, आणि समुद्रावर तुफानात सापडलेले. प्रत्येकदा तेच, त्यांनी संकटात परमेश्वराचा धावा केला. फोनला थोडं चार्जिंग होतं, त्यावर मावशींशी मिळून वाचलं. पलीकडच्या घरांतलं रात्री उशिरा कळलं, सगळे सुखरूप, जनावरंही. कापूस पाण्यात.

28 सप्टेंबर, रविवार

गोदाकाठच्या गावांना हलवलं. जायकवाडीतून मोठा विसर्ग, शहागडकडे जायची हिंमत कुणी करू नये असे निरोप. उपासनेला निम्मी माणसं. नंतर चर्चच्या हॉलमध्ये चूल मांडली, खिचडी आणि पिठलं. आलेली माणसं सगळ्या धर्मांची. संडे स्कूलच्या पोरांनी चटया आणि कोरडे कपडे गोळा केले.

धूळपेरणी केलेल्यांपैकी एक भाऊ भांडी घासता घासता म्हणाले, “जूनात आपणच पाऊस मागितला होता, बाई.” हे सगळ्यांच्याच मनात होतं. एलीया संदेष्ट्याने प्रार्थना केली आणि साडेतीन वर्षं पाऊस पडला नाही, पुन्हा केली तेव्हा आकाशाने पाऊस दिला, हे याकोबाच्या पत्रातलं वचन आम्ही जूनमध्ये मोठ्या उत्साहाने वाचलं होतं. मग आजच्या पुराचा हिशेब कसा लावायचा?

मी त्यांना जे सांगितलं ते लिहिते, कारण त्यावर मी ठाम आहे. प्रार्थना म्हणजे देवाकडे दिलेली ऑर्डर नाही आणि आपल्या मागण्याने धरणं फुटत नाहीत. गेथशेमाने बागेत, वधस्तंभाच्या आदल्या रात्री, येशूने मागितलं की हा प्याला टळो, आणि तो टळला नाही. त्याने मागणं चूक होतं असं कुणी म्हणणार नाही. त्याने मागितलं, रडला, घामाघूम झाला, आणि मग म्हणाला, ‘माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’. हे तो मागण्याच्या शेवटी बोलला. आम्ही ते सुरुवातीलाच बोलून मोकळे होतो, म्हणजे काही मागावंही लागत नाही आणि दुखतही नाही.

ते म्हणाले, “मंग आता काय मागायचं?” मी म्हटलं, आजची भाकर. तीच शिकवलीय. त्या रात्री ती शंभरावर माणसांना पुरली.

संध्याकाळी गट जमला तेव्हा अठ्ठाविसाव्या दिवसाचा भाग बाजूला ठेवून एकोणसत्तरावं घेतलं : पाणी गळ्याशी आलंय, पाय टेकायला जागा नाही. तक्ता मोडायचा नाही हा माझा आग्रह होता. आज तो मोडायचं मीच सुचवलं आणि मला ते योग्य वाटतं. ताईंनी पहिल्यांदा तोंडाने प्रार्थना केली. काय बोलल्या ते वहीत घ्यायचं नाही असं ठरलं.

15 ऑक्टोबर, बुधवार

पंचनामे अजून चालू. सोयाबीनच्या शेंगांना शेतातच कोंब फुटलेत, कापसाची बोंडं काळी पडलीत. पुढच्या आठवड्यात दिवाळी. आमचा कापणीचा सणही तोंडावर आला, त्याचं काय करायचं हा आजचा विषय.

काही म्हणाले, यंदा सण नको, वेदीपुढे ठेवायला आहे काय. काकांनी उलट सुचवलं : जे पिकलं ते आणायचं, सडलं असेल तर सडलेलं. उपासनेत आधी पासष्टावं म्हणायचं आणि लगेच एकोणसत्तरावं. तक्त्यात ती दोन्ही बाराव्या आणि तेराव्या दिवसाच्या संध्याकाळी लागून येतात. आणलेल्याचा लिलाव करायचा आणि ते पैसे बियाण्यासाठी, रब्बीत ज्वारी आणि हरभरा पेरता येईल अशा घरांना, मंडळीतल्या आणि बाहेरच्याही. मंजूर झालं. काळ्या बोंडांचा लिलाव कोण घेईल असं एकाने विचारलं, तेव्हा शिक्षकांच्या बाजूने मी पहिली बोली बोलून ठेवली.

बाकी ठरलेलं : 30 नोव्हेंबरला नाताळाआधीचा आगमनकाळ सुरू होतो तेव्हापासून तक्ता मोठ्या अक्षरात छापून प्लॅस्टिकमध्ये घालायचा, पावसात पहिले सगळे भिजले. शांतता पाचाची सात मिनिटं. ओवीतली स्तोत्रं आतापर्यंत सहा झालीत, ती ताई एका वहीत उतरवून घेणार. गोदाकाठच्या दोन वस्त्यांवर, जिथली माणसं हॉलमध्ये राहून गेली, तिथल्या मंडळींनी मंगळवारी असाच गट हवा म्हणून निरोप पाठवलाय. पहिल्या मंगळवारी काका आणि मावशी दोघं जाणार आहेत, एसटीने. पुस्तक मावशी नेतील.